चार हातांची बातमीवाली बाई

छावणीतल्या रझिया आपा. आधी त्यांचं नाव लिहून ठेवते, मग बाकीचं. माझं असं होतं की सांगायला बसले की भलतीकडेच निघून जाते, आणि ज्यांच्यामुळं सांगण्यासारखं काही घडलं त्या शेवटी कुठंतरी दाराशी ताटकळत राहतात. तर रझिया आपा. त्यांनी एका वर्षी, दिवाळीपासून मृग लागेपर्यंत, आपल्या टीव्हीतली रविवार दुपारची पंधरा मिनिटं माझ्या बहिणीला दिली. आणि माझी एक गोष्ट स्वतःजवळ ठेवून घेतली. पंधरा मिनिटांचं मी कुणालाही सांगते. दुसऱ्या गोष्टीचं आज पहिल्यांदाच लिहितेय.

आज मुलीचा दहावीचा गणिताचा पेपर आहे. सकाळी तिला सोडून आले. इथं उत्तरेत रुद्रपूरला मार्चमध्ये गहू पिवळा पडायला लागतो, आणि सेंटरच्या कुंपणापलीकडं थेट शेतच आहे. पोरी शेवटचं पुस्तक चाळत उभ्या होत्या आणि त्यांच्या मागं सगळं रान सळसळत होतं. मी तिला तीनदा विचारलं, "हॉल तिकीट?" तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मम्मी, तू घरी जा बरं." घरी आले. गॅस बंद आहे का बघितला. परत बघितला. तीन तास काय करायचं माणसानं? मला या परीक्षांचा अनुभव नाही. माझी शाळा सातवीलाच सुटली. दहावीचा पेपर आतून कसा असतो, घाम फुटतो म्हणजे कुठं फुटतो, मला काही माहीत नाही. मी फक्त बाहेर थांबणारी.

टीव्ही लावला आणि आवाज बंद केला. ही माझी जुनी खोड. आमचे हे हसतात. वाळूजच्या कारखान्यानं इकडं नवीन शेड टाकली तेव्हा त्यांना दोन वर्षांसाठी म्हणून पाठवलं होतं, त्याला आता चौदा वर्षं झाली. चौदा वर्षं ते म्हणतात, "अगं, आवाज तरी कर, ती बाई काय बोलतेय कळू दे." मला आवाज नसला की जास्त कळतं. कोण खोटं हसतंय, कुणाला घाई आहे, कुणाचे डोळे दुसरीकडंच आहेत. हे मला मंगलनं शिकवलं.

मंगल माझी धाकटी बहीण. दोन वर्षांची असताना ताप आला, तापात कान गेले. आम्ही मूळचे करमाडचे, जालना रोडवरचे. शेत काकांकडं होतं. वडील औरंगाबादला, तेव्हाच्या औरंगाबादला, बसच्या वर्कशॉपात फिटर लागले आणि आम्ही छावणीत रझिया आपांच्या अंगणातल्या दोन खोल्यांत राहायला आलो. आपांचे मिस्टर फौजी वर्दी शिवायचे. त्यांना सगळे मास्टर म्हणायचे, आपासुद्धा. घरासमोरून लष्कराचे ट्रक जायचे. मंगलला हॉर्न ऐकू येत नसे. एकदा ती रस्त्याच्या मधोमध चिंचोका उचलायला वाकली आणि मागून ट्रक आला. ड्रायव्हरनं कचकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. मी तेव्हा शाळेत होते. दुसऱ्या दिवसापासून माझं दप्तर खुंटीला लागलं. आईनं रडत रडत लावलं, पण लावलं. "एक जण तरी तिच्या मागं पायजे गं माय," ती म्हणाली. मी बारा वर्षांची होते आणि मंगल आठ.

आपांच्या टीव्हीला लाकडी पेटी होती, तिला दोन सरकती दारं, आणि दारांवर आपांनी शिवलेला हिरवा पडदा. टीव्ही लावायचा म्हणजे आधी पडदा, मग दारं, मग बटण, मग चित्र उजळेपर्यंत सगळ्यांनी श्वास धरून बसायचं. त्या चौकटीत मी काय काय पाहिलं! सव्वीस जानेवारीला उंटांवरचा बँड. एका मोठ्या माणसाच्या अंत्ययात्रेचे ते तीन दिवस, नुसती सारंगी आणि फुलं, आणि मास्टरांनी शिलाईचं मशीन बंद ठेवलं होतं ते. शेतीच्या कार्यक्रमात कपाशीवरच्या बोंडअळीला बघून वडील म्हणाले, "आपल्या वावरातलीच हाय बघ ही." रविवारी सकाळी देवांची मालिका असायची, तेव्हा गल्लीतल्या बाया न्हाऊन यायच्या आणि चपला बाहेर काढायच्या. एक आजी टीव्हीपुढं झेंडूचं फूल ठेवायची. आपा ते फूल कार्यक्रम संपल्यावर उचलून पाण्याच्या वाटीत घालायच्या, म्हणायच्या, "किसीके भगवान को मैं कचरे में कैसा डालूं?"

क्रिकेटच्या दिवशी तर अंगणात उभं राहायला जागा नसे. मंगलला कॉमेंट्री नाही, आरडाओरडा नाही. पण पंचाचं बोट वर जायच्या आधी तिचा हात वर जायचा. ती बॅटवाल्याचं तोंड बघायची. "छोटी ने दिया तो आउट," मास्टर जाहीर करायचे, आणि खरंच आउट असायचा. गाणी लागली की ती पेटीला तळहात लावून बसायची. काय यायचं तिच्या हातात कुणास ठाऊक. डोळे मिटून बसायची, एवढं खरं.

आमची घरातली भाषा हातांची. ती आम्हीच केलेली. मिशीला पीळ म्हणजे वडील. फाटक खाली येतं तसा हात आडवा टाकला की करमाड, कारण तिथल्या रेल्वे फाटकावर आम्ही कायम अडकायचो. तळहातावर चुना चोळला की आपा. वेणी ओढली की मी. साठ-सत्तर खुणा असतील सगळ्या मिळून. त्यांत भूक होती, बकरी होती, पाऊस होता, मार होता. उद्या नव्हतं. का म्हणजे का, तेही नव्हतं. मंगल कधी कधी कशाकडं तरी बोट दाखवून माझा चेहरा हलवायची, जणू आत काहीतरी आहे आणि मी ते देत नाहीये. मी तरी कुठून देऊ?

त्या वर्षी जूनमध्ये आईवडील तिला मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत घेऊन गेले होते, मीही होते. तिथल्या मोठ्या बाईंनी तिला ठोकळे दिले, चित्रं दाखवली, ओठ हलवून काही विचारलं. मंगल नुसती त्यांच्या चष्म्याकडं बघत बसली. बाई म्हणाल्या, "आठ वर्षांची झाली आणि भाषा म्हणून काहीच नाही. फार उशिरा आणलंत. जागा मोजक्या असतात हो. पुढच्या जूनला परत आणा. वर्षभरात काही शिकली तर बघू, नाहीतर मग माझ्याच्यानं होणार नाही." काही म्हणजे काय, कुणी शिकवायचं, ते बाईंनी सांगितलं नाही.  परत येताना आई रस्ताभर म्हणत होती, "कोण शिकवील हिला? कोण शिकवील?"

आणि दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी ती बाई आली.

आपांकडं भुईमुगाच्या शेंगा फोडत आम्ही दोघी बसलो होतो. टीव्ही उगाच चालू. बातम्या लागल्या आणि बातम्या सांगणारी बाई तोंडानं बोलता बोलता हात हलवायला लागली. मंगल उठून उभी राहिली. मांडीवरचं ताट पडलं, शेंगा सांडल्या, तिचं लक्ष नाही. एवढ्या मोठ्या जगात हातांनी बोलणारी दुसरी बाई आहे, हे तिला त्या क्षणाला कळलं. तिनं पुढं होऊन त्या बाईला आमच्या खुणांत सांगितलं: माझ्याकडं बकरी आहे. मग थांबली. बाईनं उत्तर दिलं नाही, ती आपल्या पुराच्या बातम्या सांगत राहिली. मंगलनं पुन्हा सांगितलं, बकरी. पुन्हा थांबली. पंधरा मिनिटांनी बाई हात जोडून निघून गेली, आणि मंगल जमिनीवर पडून लाथा झाडायला लागली.

आई धावत आली. "कामून रडायली गं ही? कुणी मारलं?"

"टीव्हीतली बाई बोलली नाही तिच्याशी," मी म्हणाले.

आपांनी मंगलला उचलून मांडीवर घेतलं. "अगे, टीव्ही की बाई किसीकू जवाब नहीं देती माँ. हमारे मास्टर कित्ते सालों से उसकू गालियां देरे, एक बार तो भी पलट के बोली क्या?" मास्टर मशीनवरून म्हणाले, "मैं कब दिया गाली?" आणि आई रडता रडता हसली. मग आपा माझ्याकडं वळल्या. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो, सुपारी गालात धरलेला, काहीतरी आत फिरवणारा. "बडी, तेरेकू हिंदी समझती ना? बाई मुंह से जो बोलरी, वही हाथ से बोलरी. तू कान से पकड, ये आंख से पकडती. हर इतवार कू दोनों आके बैठो. टीव्ही का मैं देखती."

असं सुरू झालं ते. माझी सातवीची एक वही निम्मी कोरी होती, ती मी खुंटीवरच्या दप्तरातून काढली. रविवारी ऐकायचं, बघायचं, हाताचं चित्र काढायचं, खाली शब्द लिहायचा. सहा दिवस दोघींनी घोकायचं. पण बातम्यांत कोणते शब्द असणार? मंगलला 'खेळणं' येण्याआधी 'प्रधानमंत्री' आलं. 'पूर', 'संप', 'रेल्वे अपघात', 'बोलणी', 'निवडणूक' आलं. मग ती वडिलांना प्रधानमंत्री म्हणायला लागली. आईनं दोडक्याची भाजी केली की हिचा संप. करमाडहून काकू आली, आईशी तिचं वाजलं, तेव्हा मंगल कोपऱ्यातून मला हातांनी म्हणाली, बोलणी फिसकटली. मी हसत सुटले आणि आईची चापट खाल्ली. आज आठवलं तरी हसू येतं, पण एखाद्या पोरीला जगाची ओळख पुरानं आणि अपघातानं व्हावी!

'उद्या' पण त्याच बाईनं दिला. हवामानाच्या बातमीत. उद्या पाऊस पडेल.

आपांचा टीव्ही मात्र एका चित्राची दोन चित्रं दाखवायचा. अंगणामागं छावणीची पाण्याची उंच टाकी होती. दुरुस्तीवाला सांगून गेला होता की लहर एक सरळ येते आणि एक टाकीला धडकून येते, ती जराशी उशिरा पोचते, म्हणून प्रत्येक चित्राच्या उजव्या अंगाला त्याचीच सावली. त्याला काही इलाज नव्हता. आपा तरी दर रविवारी बातम्यांच्या आधी ओढणी कंबरेला खोचून पत्र्यावर चढायच्या आणि अँटेनाचा बांबू फिरवायच्या. बाकीच्या घरांत ओरडाओरड चालायची, आला का, गेला, थोडं डावीकडं. आमच्याकडं गुपचूप काम. मंगल दारात उभी राहून आत बघायची आणि वर आपांना हात करायची, हं, अजून, बस. "छोटी के जैसा मेकॅनिक पूरे छावनी में नहीं," आपा खाली उतरताना धापा टाकत म्हणायच्या. तेवढं करूनही सावली राहायचीच. बातमीवाल्या बाईला आमच्याकडं चार हात होते. देवीला असतात तसे. आम्हाला त्याचं काही वाटत नसे.

आता मार्च-एप्रिलचं लिहायला पाहिजे. इथवर आले की दरवेळी मी उठते. आत्ताही उठले, पाणी प्याले, घड्याळ बघितलं. पेपर सुटायला अजून दीड तास आहे.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये माझ्या वर्गातल्या मुलींची आठवीची वार्षिक परीक्षा होती. त्यांचा रस्ता आमच्या अंगणावरून. निळ्या स्कर्टातल्या चौघी-पाचजणी रोज हातात पॅड आणि कंपास घेऊन जायच्या. एक जण थांबली. माझ्याच बाकावरची होती. म्हणाली, "शोभे, तू काय करायलीस आजकाल?" मी म्हणाले, "बहिणीला शिकवायलेय." ती म्हणाली, "तूच सातवी, तू काय शिकवणार?" तिनं काही वाईट मनानं म्हटलं नसेल. तिला पेपरची घाई होती, म्हणून बोलून निघून गेली. मी कडुनिंबाखाली उभी राहिले. मंगल आली, माझी वेणी ओढली आणि आनंदानं हातांनी म्हणाली: उद्या, बाई, बातम्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता.

मी तिला हातांनी सांगितलं: बाई आजारी. आता येणार नाही.

हे मी का केलं, याची मी स्वतःला पन्नास कारणं दिली आहेत. राग आला होता, हे खरं. पण त्याच्या खाली दुसरंही होतं. जूनमध्ये ती शाळेत गेली तर मी कोण? माझी शाळा तिच्यापायी गेली होती, आणि आता तिच्याकडं शाळा असणार, वही असणार, मैत्रिणी असणार. मग माझ्याकडं काय? बारा-तेरा वर्षांची होते, एवढं नीट मांडता येत नव्हतं. फक्त हात उचलले आणि खोटं सांगितलं. तोंडानं खोटं बोलायची सवय असते माणसाला. हातानं बोललेलं खोटं आपल्याला स्वतःलाच दिसतं. माझेच हात माझ्यासमोर हवेत उभे होते आणि मी त्यांच्याकडं बघत होते.

मंगलनं विश्वास ठेवला. तिनं विचारलं, मरण? तो शब्द तिला बातम्यांतून चांगला येत होता. मी म्हटलं, नाही, आजारी. त्या रविवारी ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि जे जे येत होतं ते सगळं हातांनी भिंतीला सांगत राहिली. पुढच्या रविवारी तेही केलं नाही. 'उद्या' म्हणायचं सोडून दिलं तिनं. जून सहा आठवड्यांवर आला होता आणि आई रोज बोटांवर दिवस मोजत होती.

तिसऱ्या रविवारी आपा आमच्या दारात आल्या. त्याच महिन्यात त्यांच्या मुलानं केबलची वायर आणली होती आणि रविवारी दुपारी सगळी गल्ली सिनेमा बघायला आपांकडं असायची. मागून सिनेमातल्या मारामारीचा आवाज येत होता. आई धुणं घेऊन हौदावर गेली होती.

"छोटी कायकू नहीं आई? दो इतवार से बाई आके जारी."

मी मान खाली घातली.

"बुखार है क्या उसकू?"

"नाही."

"फिर?"

 आपा उंबऱ्यावर बसल्या. भिंतीकडं तोंड केलेल्या मंगलकडं त्यांनी बघितलं, मग माझ्याकडं, मग रस्त्याकडं. निळे स्कर्ट रोज त्यांच्याही अंगणावरूनच जात होते. त्यांनी माझा हात हातात घेऊन उघडला आणि नुसता बघितला. चुन्याचा वास आला.

"तू बोली उसकू, बाई नहीं आती बोल्के?"

मी रडायला लागले. वाटलं, आता ओरडतील, आईला सांगतील, सगळ्या गल्लीत होईल. आपा म्हणाल्या, "रो नक्को. ये बात मेरे पास रैती. जिस दिन तेरेकू बोलना है, तू बोल. तब तक मैं संभालती." मग उठल्या. "चल, पर्दा तू हटा."

केबलवाल्या सिनेमात नायक नुकताच भिंत फोडून आत आला होता. पंचवीस-तीस माणसं टीव्हीपुढं. आपांनी जाऊन केबलची वायर काढली, अँटेनाची लावली आणि बटण फिरवलं. एकच गलका झाला. त्यांचा स्वतःचा मुलगा उठला, "अम्मी, क्लायमॅक्स है!"

आपा टीव्हीकडं पाठ करून उभ्या राहिल्या. "पंद्रा मिनट. जिसकू बैठना वो चुप बैठो, नहीं तो बाहर जाके पानी पियो. उत्ती देर में हीरो मरता नहीं."

कुणीतरी म्हणालं, "एका पोरीसाठी सगळ्यांनी थांबायचं का?" आपा म्हणाल्या, "हौ." एवढंच.

बाई आली, चारही हात घेऊन. मंगल दारातच थबकली. मग पळत जाऊन अगदी काचेपाशी बसली आणि हातांनी विचारलं: बरी झालीस? बाईनं उत्तर दिलं नाही. या वेळी मंगल रडली नाही. मागं वळून माझ्याकडं बघून हसली, जणू मीच बाईला बरं करून आणलं होतं. ते हसू मला सहन होत नाही. अजून होत नाही.

जूनपर्यंत एकही रविवार मोकळा गेला नाही. आपांचं घर दर रविवारी पंधरा मिनिटं रिकामं व्हायचं आणि लोक अंगणात कुरकुरत उभे राहायचे.

शाळेत आई, मी, मंगल आणि आपा गेलो. वडिलांना रजा मिळाली नाही. आपा बुरखा घालून रिक्षात बसल्या, मंगल बाहेर बघून हातांनी रिक्षाला, सायकलींना, बाजारातल्या माणसांना नावं देत होती. मोठ्या बाईंनी पुन्हा ठोकळे ठेवले. ओठ हलवून विचारलं. मंगलला ओठांचं काही येत नव्हतं, तिनं हात चालवले. बाई बघत राहिल्या आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. "ही प्रत्येक खूण दोनदा का करते? करते, मग जरा उजवीकडं सरकून तीच परत करते. हातात काही दोष आहे का? तोतरं बोलावं तसं दिसतंय. आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, मग बघू."

आईनं मंगलला जवळ ओढलं. मी वही पुढं केली, वहीतली चित्रं दाखवली, पण मला काही सांगताच येईना. मला तर मंगलचं बोलणं नेहमीचंच वाटत होतं. मीही तसंच बोलत होते. दोनदा, उजवीकडं सरकून.

"बाई," आपा म्हणाल्या, "हमारे टीव्ही में उस बाई कू चार हाथ है."

मोठ्या बाईंना काही कळलं नाही. आपांनी सांगितलं, टाकी, लहर, सावली, रविवार. मराठी, हिंदी, छावणीची बोली, सगळं मिसळून, हातवारे करून. सांगता सांगता त्याही दोनदा हात करायला लागल्या. "बच्ची की गलती नहीं है. उसने जैसा देखा वैसा सीखा. पूरा का पूरा सीखा. सावली बी नहीं छोडी."

दाराशी चित्रकलेचे सर उभे होते. ते स्वतः बहिरे होते, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी आपांचं काही ऐकलं नव्हतं, पण मंगलचे हात बघितले होते. ते आत आले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हातांनी विचारलं, काय काय येतं? मंगलनं त्यांना बातम्या सांगितल्या. सगळ्या. पूर, संप, बोलणी, अपघात, उद्या पाऊस. प्रत्येक दोनदा. सर हसायला लागले, आवाज नाही, नुसते खांदे. मग त्यांनी हातांनी तिला काही म्हटलं आणि थांबले. तिच्या उत्तराची वाट बघत थांबले.

मंगलचे हात हवेतच राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं. सात महिने ती एका बाईशी बोलत होती, जी कधीच थांबली नाही. तिनं हळूच सांगितलं, माझ्याकडं बकरी आहे. सरांनी विचारलं, रंग कोणता?

मी टीव्हीवर पुष्कळ पाहिलं. लोक विचारतात, तुझा लक्षात राहिलेला कार्यक्रम कोणता, तेव्हा मला बातमीवाली बाई आठवते आणि तिच्या पाठोपाठ ते सर, त्या खोलीत, रंग कोणता असं विचारणारे. माझ्या डोक्यात तो एकच कार्यक्रम आहे.

मंगलला जागा मिळाली. तिचं दोनदा बोलणं मोडायला सरांना वर्ष लागलं. माझं कुणी मोडलं नाही.

आज ती त्याच शाळेत शिवण शिकवते. व्हिडिओ कॉलवर खूप बोलते. वाक्यांत आता विशेषणं असतात, टोमणे असतात, तिच्या मुख्याध्यापिकेची नक्कल असते. गेल्या आठवड्यात तिनं सांगितलं, जूनमध्ये शाळेचा कार्यक्रम आहे, माझ्या ताईचा सत्कार करायचं ठरलंय. मी सगळ्यांना सांगितलंय की ताईनं माझ्यासाठी शाळा सोडली आणि सात महिन्यांत एकही रविवार चुकवला नाही. एकही नाही, ती पुन्हा म्हणाली, आणि तिचे हात आनंदात जरा उजवीकडं सरकले.

तेव्हापासून मला चैन नाही. मुलीच्या परीक्षेची धडधड म्हणून मी घरात सांगते. खरं हे आहे.

परवा आपांच्या सुनेला फोन केला. म्हटलं, आपांना द्या. सून म्हणाली, "बाजी, अम्मी को अब फोन पे सुनाई नहीं देता. सामने बैठो तो समझती. फोन पे खाली हौ हौ करती." तरी तिनं फोन त्यांच्या कानाला लावला. मी म्हणाले, "आपा, बडी बोलतेय." पलीकडून आवाज आला, "हौ." मी म्हणाले, "आपा, ती गोष्ट." "हौ बेटा, हौ." त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी ती गोष्ट सांभाळली. आईला सांगितली नाही, मास्टर गेले त्यांनाही सांगितली नाही, मंगल दर ईदला शिरखुर्म्याला त्यांच्याकडं जाते, तिला सांगितली नाही. माझं ओझं त्यांच्या पदरात बांधलेलं आहे आणि त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढं आहे. एवढ्या म्हाताऱ्या बाईनं माझ्यासाठी अजून किती धरून बसायचं?

आपा, मुलीचा शेवटचा पेपर झाला की मी निघतेय. जूनच्या आधी, सत्काराच्या आधी. मंगलला घेऊन तुमच्या उंबऱ्यावर येते. तुम्ही समोर बसा. ते दोन रविवार मी तिला हातांनी सांगीन, म्हणजे तुम्हाला दिसेल की सांगितलं. ती रागावली तर रागावू दे, बोलणी फिसकटली तर फिसकटू देत. पण तुमच्याजवळ ठेवलेलं माझं मी परत घेईन, आपा. तेवढं फेडल्याशिवाय मी तुम्हाला कुठं जाऊ देणार नाही.